सूट मागावी की बदल मागावा?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. वर्गात वयाने ती सर्वांत लहान आहे. अभ्यासात तिची काही अडचण नाही. मात्र ज्या दिवशी शारीरिक शिक्षणाचा तास असतो, त्या दिवशी सकाळपासून तिच्या पोटात दुखू लागते. मैदानाच्या फेऱ्या मारताना ती शेवटून पहिली किंवा दुसरी असते, धावून झाल्यावर बराच वेळ खोकत राहते आणि संघ निवडताना तिचे नाव सर्वांत शेवटी घेतले जाते. गेल्या सत्रात या विषयात तिला सर्वांत खालची श्रेणी मिळाली. वर्षभरात तिची उंची झपाट्याने वाढली असून गुडघ्याच्या खाली दुखते, असेही ती अधूनमधून सांगते. पाळीच्या दिवसांत सरांशी बोलायला तिला संकोच वाटतो. ओळखीचे एक डॉक्टर वर्षभराच्या सवलतीचे प्रमाणपत्र द्यायला तयार आहेत. ते घ्यावे का? शाळेने या विषयात मुलांकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी? आणि मी तिला रोज सकाळी पळायला नेले, तर उपयोग होईल का?
– एक आई

उत्तर :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वर्षभराच्या सवलतीचे प्रमाणपत्र घेऊ नका. डॉक्टरांकडे मात्र जरूर जा आणि शक्यतो याच आठवड्यात जा. कारण पत्राच्या ओघात तुम्ही सहज लिहून गेलेल्या दोन गोष्टी, धावल्यानंतरचा खोकला आणि गुडघ्याखालचे दुखणे, मला तिच्या श्रेणीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाच्या वाटतात.

आधी खोकल्याविषयी. जोरात धावताना माणूस तोंडावाटे भराभर श्वास घेतो, त्यामुळे बाहेरची थंड, कोरडी हवा फारशी ऊब किंवा ओलावा न घेता थेट आत जाते. काही मुलांच्या श्वासनलिका या कोरडेपणाने आकसतात. या त्रासाची एक खूण अशी की, तो बहुधा धावणे थांबल्यावर, पाच-दहा मिनिटांत सर्वाधिक जाणवतो आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप ओसरतो. त्यामुळे घरी येईपर्यंत मूल ठीक झालेले असते, आणि मैदानावर ज्यांनी त्याला खोकताना पाहिले त्यांना ‘सवय नाही, म्हणून दम लागला’ एवढेच वाटते. मुलालाही तेच वाटू लागते, हे अधिक वाईट. तुमच्या मुलीला हाच त्रास आहे, असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही, कोणीही म्हणू नये. पण श्रमाआधी आणि श्रमानंतर श्वासाची तपासणी करून डॉक्टरांना ते ठरवता येते. तसे निघाल्यास उपाय अवघड नाहीत. डॉक्टरांनी सुचवलेले इनहेलर धावण्याच्या सुमारे पंधरा मिनिटे आधी घेणे आणि शरीर सावकाश तापवत नेणे, एवढ्यानेही पुष्कळ मुलांचा त्रास आटोक्यात येतो. सलग लांब पल्ल्याच्या धावण्यात हा त्रास अधिक होतो आणि थांबत-थांबत खेळायच्या खेळांत कमी, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे सरांशी बोलताना ते उपयोगी पडेल.

गुडघ्याचेही तसेच आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा वाटीवरून खाली उतरून नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, ती जागा वाढीच्या वयात अजून पुरती कठीण झालेली नसते. हाडे झपाट्याने लांबत असताना उड्या, धावणे आणि उठाबशा यांमुळे तिथे वारंवार ओढ बसली, तर ती जागा दुखते, कधी तिथे टेंगूळही येते. वाढ पूर्ण झाली की हे दुखणे बहुतेकांचे थांबते. तोवर दुखेल त्या प्रमाणात उड्या आणि पळणे कमी करावे लागते, पण वर्षभर बाकावर बसून राहण्याची वेळ क्वचितच येते. दुखणे एकाच पायाला असेल, रात्री झोपेतून जागे करत असेल किंवा मुलगी लंगडत असेल, तर मात्र तपासणीला अजिबात उशीर करू नका.

आता त्या प्रमाणपत्राकडे वळतो. माझा त्याला विरोध आहे, तो नियमाच्या धाकाने नाही. वर्षभराची सूट मिळालेले मूल तासाला काय करते, हे तुम्ही एकदा मैदानाच्या कडेला उभे राहून पाहा. ते इतरांच्या पाण्याच्या बाटल्या आणि चपला सांभाळते. पहिले काही दिवस त्याला सुटल्यासारखे वाटते, मग हळूहळू ‘हिला काहीतरी आहे’ ही कुजबुज सुरू होते, आणि वर्ष संपताना ते मूल इतरांच्या आणखी एक वर्ष मागे पडलेले असते, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा प्रमाणपत्राची गरज भासते. शिवाय जे दुखणे तिला आहे, त्याचे नाव त्या कागदावर नसेल आणि जे नाही, ते असेल. तेरा वर्षांच्या मुलीला हा व्यवहार कळतो.

याऐवजी डॉक्टरांना वेगळ्या प्रकारची चिठ्ठी मागा. ‘काय करू नये’ याच्यासोबत ‘काय करू द्यावे’ हेही त्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेले असावे आणि ती ठरावीक मुदतीची असावी. उदाहरणार्थ, पुढील सहा आठवडे उंच उड्या व बेडूकउड्या नकोत. धावण्याआधी दहा मिनिटे सावकाश चालणे व हलके पळणे आवश्यक. इनहेलर दिले असल्यास ते तिच्या हाताशी असावे, कार्यालयातील कपाटात नव्हे. चेंडू फेकणे, झेलणे, तोल सांभाळण्याचे आणि ताणाचे व्यायाम, चालणे व पोहणे यांस हरकत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. अशी चिठ्ठी हाती असली, की शिक्षकांना त्या मुलीचे काय करायचे हे कळते. सूट देणाऱ्या कागदावरून त्यांना एवढेच कळते की, तिच्याकडे आता लक्ष द्यायला नको.

शाळेने किती अपेक्षा ठेवावी, हा तुमचा दुसरा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी आठवड्याच्या सरासरीने दररोज निदान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोमाचे तसेच स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जगातील ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ८१ टक्के मुले या मर्यादेपर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते. म्हणजे तुमची मुलगी शेवटून पहिली येत असली, तरी तिच्या पुढे धावणाऱ्या बहुतेक मुलीही या हिशेबात कमीच पडतात. आठवड्यातील दोन-तीन तासिकांनी ही उणीव भरून निघणे शक्य नाही. हजेरी, रांगा, सूचना आणि साहित्य मांडणे यांत तासिकेचा बराच भाग जातो. उरलेल्यात मुले निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष हालचालीत असली, तरी तास चांगला झाला असे मानावे लागते. तेव्हा मुलांना तंदुरुस्त करून सोडणे हे या तासाचे काम असू शकत नाही. तंदुरुस्त कसे व्हायचे आणि राहायचे, हे शिकवणे हे त्याचे काम आहे. गणिताच्या तासाला आपण हा फरक लगेच ओळखतो, पण मैदानावर आपल्याला त्याचा विसर पडतो.

हा विसर पडण्यामागे इतिहास आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्राउस आणि वेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साध्या सहा हालचालींच्या चाचणीत तेथील निम्म्याहून अधिक मुले किमान एका हालचालीत नापास झाली, तर युरोपातील मुलांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. त्यावरून खळबळ उडून अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये युवकांच्या तंदुरुस्तीसाठी स्वतंत्र परिषद नेमली. पुढे १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा तंदुरुस्ती पुरस्कार सुरू झाला. तो मिळवण्यासाठी प्रत्येक चाचणीत समवयस्कांपैकी ८५ टक्के मुलांच्या वर असणे आवश्यक होते. याचा अर्थ नीट पाहा : सगळ्या देशातील मुले अचानक दुप्पट सशक्त झाली असती, तरी तेव्हाच्या मुलांमधूनच तुलना केली, तर प्रत्येक चाचणीत ८५ टक्के मुलांनी मागेच राहायचे, अशी ती मोजपट्टी होती. दरम्यान १९८२ मध्ये तेथेच फिटनेसग्राम ही वेगळी पद्धत तयार झाली होती. तिच्यात मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता वय आणि लिंग यांनुसार ठरवलेल्या आरोग्यदायी पट्ट्याशी केली जाते. त्या पट्ट्यात आलेल्या मुलांना पुन्हा क्रमांक दिले जात नाहीत. राष्ट्राध्यक्षांच्या नावाची ती जुनी चाचणीही २०१२-१३ च्या सुमारास बाजूला ठेवून तिच्या जागी याच पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम आणण्यात आला.

तुमच्या मुलीची श्रेणी यांपैकी कोणत्या मोजपट्टीने ठरली, हे तुम्ही शाळेला विचारायला हवे. ती फक्त घड्याळावर ठरली असेल, तर त्यात तिच्या प्रयत्नाइतकाच तिच्या जन्मतारखेचाही वाटा आहे. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचे वय मुलींमध्ये सरासरीने बारा आणि मुलग्यांमध्ये चौदा असते, पण ही झाली सरासरी. एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलींच्या शारीरिक वयात काही वर्षांचे अंतर असू शकते. त्यात तुमची मुलगी वर्गात सर्वांत लहान. वर्गातील सर्वांत मोठ्या मुलीला तिच्यापेक्षा जवळजवळ एक वर्ष अधिक मिळालेले आहे, आणि तेराव्या वर्षी एक वर्ष ही क्षुल्लक गोष्ट नाही. कॅनडातील संशोधकांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा त्यांना लक्षणीय आढळला. वयोगटाची तारीख १ जानेवारी असल्याने ही मुले गटात थोराड असत, थोराड म्हणून निवडली जात आणि निवडली गेल्यामुळे त्यांना अधिक सराव व अधिक चांगले प्रशिक्षक मिळत. नंतर इतर अनेक खेळांतही हेच दिसून आले. ज्याला आपण उपजत गुण म्हणतो, त्यात कॅलेंडरचा हात किती, हे एकदा तपासून पाहावे.

शिवाय उंची झपाट्याने वाढताना हातापायांचा जुना अंदाज चुकू लागतो. ज्या मुलीला दहाव्या वर्षी चेंडू सहज झेलता येत होता, तिच्या हातून तो तेराव्या वर्षी सुटतो आणि तिला वाटते की, आपल्याला काहीच जमत नाही. हे तिला शब्दांत सांगा. माझ्या अनुभवात मुलांना या एका माहितीने जितका धीर येतो, तितका ‘तू प्रयत्न कर, जमेल’ या वाक्याने येत नाही.

याचा अर्थ शाळेने काहीच अपेक्षा ठेवू नये, असा नाही. नेमून दिलेले बूट घालून वेळेवर मैदानावर येणे, केस बांधणे, दागिने काढून ठेवणे, शरीर तापवण्याचा भाग न टाळणे, खेळाचे नियम समजून घेणे, पंचांचा निर्णय मानणे, आपल्यापेक्षा कच्च्या खेळाडूला न हसणे, हे सर्व प्रत्येक मुलाकडून मागता येते आणि मागितलेच पाहिजे. आपली नाडी मोजता येणे, सत्राच्या सुरुवातीची आपली नोंद आणि शेवटची नोंद यांत काय फरक पडला हे सांगता येणे, आपल्याला अवघड जाणाऱ्या एखाद्या कौशल्याचे टप्पे सांगता येणे, हेही मागता येईल. वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये ठोक्यावर ये-जा करण्याची जी चाचणी अनेक शाळांत घेतात, ती ताशी साडेआठ किलोमीटरच्या वेगाने सुरू होते आणि दर मिनिटाला वेग अर्धा किलोमीटरने वाढतो. अशी चाचणी मुलाला स्वतःची प्रगती दाखवण्यासाठी उत्तम आहे. तीच चाचणी साऱ्या वर्गासमोर एकेक जण बाद होत, शेवटी राहिलेल्यांसाठी टाळ्या वाजवत घेतली, तर पहिल्या मिनिटाला बाहेर पडणाऱ्याच्या मनात फक्त तो पहिला मिनिट राहतो.

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो. मी काही वर्षे हा विषय शिकवला आहे आणि फेऱ्यांच्या वेळा मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत मीही पाळली आहे. त्यामुळे चुरस वाढते, अशी माझी समजूत होती. ती वाढतही असे, पण ती पहिल्या सात-आठ जणांत. उरलेल्यांत अनुपस्थिती वाढत होती, हे मला हजेरीपटावरून उशिरा कळले. संघनिवडीचेही तेच. दोन कप्तानांनी आळीपाळीने नावे पुकारायची, यात शिक्षकाचे दोन मिनिटांचे काम वाचते आणि एका मुलाचा अख्खा आठवडा वाईट जातो. बाद झालेल्याने बाहेर बसायचे, अशा खेळांत तर ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच सर्वांत आधी बसतो. आणि उशिरा आल्याबद्दल किंवा बोलल्याबद्दल फेऱ्या मारायला लावणे मला कधीच पटलेले नाही : निबंध लिहिण्याची शिक्षा देऊन मुलांना निबंधाची गोडी लागत नाही, तशी ती धावण्याचीही लागत नाही.

सरांना भेटायला जाताना मात्र ही सगळी यादी घेऊन जाऊ नका. एका चेंडूमागे वीस मुले आणि हातात पस्तीस-चाळीस मिनिटे, या हिशेबात काम करणारा माणूस तक्रारीच्या पहिल्या वाक्यालाच दार लावून घेतो. वेळ ठरवून, एकांतात भेटा. आधी खोकला आणि गुडघा यांविषयी सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी द्या, मग श्रेणी कशावर ठरते ते विचारा. त्यानंतर दोनच गोष्टी मागा : तिच्या वेळा वर्गात वाचू नयेत आणि तिची प्रगती तिच्याच मागील नोंदीशी ताडून पाहावी. संघांची नावे सरांनी आधीच कागदावर लिहून आणावीत, हे जाता जाता सुचवता येईल. ते कबूल करायला त्यांना खर्च काहीच नाही. उत्तर समाधानकारक मिळाले नाही, तर मुख्याध्यापकांकडे जाण्याचा मार्ग आहेच, पण तो दुसऱ्या भेटीनंतर. शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे युनेस्कोच्या १९७८ च्या सनदेत म्हटले आहे आणि २०१५ च्या सुधारित सनदेतही ते कायम आहे, हे गरज पडल्यास तिथे सांगता येईल. हक्क चपळ मुलांपुरता नाही, एवढाच त्याचा तुमच्यापुरता अर्थ.

पाळीविषयी थोडक्यात. त्या दिवसांत व्यायामाने अपाय होत नाही, काहींना हलक्या हालचालीने पोटातील कळा कमीही वाटतात. पण काहींना खरोखर उभे राहवत नाही, आणि आपण कोणत्या गटात हे त्या दिवशी तिचे तिलाच ठरवू द्यावे. सरांना कारण सांगायला लागू नये, म्हणून ‘आज हलका व्यायाम करते’ एवढ्या वाक्यावर पुढचा प्रश्न विचारला जाणार नाही, असे सर किंवा एखाद्या शिक्षिकेमार्फत आधीच ठरवून ठेवा. ही सोय वर्गातील सर्वच मुलींसाठी असावी, असे सुचवलेत, तर तुमची मुलगी वेगळी पडणार नाही. दर महिन्याला वेदनेमुळे शाळा बुडत असेल, तर मात्र तो डॉक्टरांना विचारण्याचा वेगळा प्रश्न आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सकाळी पळायला नेण्याचा. आधी तपासणी होऊ द्या, मग तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर आग्रह धरू नका. शाळेतली नावडती गोष्ट घरी दुप्पट करून तिची आवड लागणार नाही. ती तयार असेल, तर दररोज नको, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. मागे पडणारी बहुतेक मुले पहिली फेरी फार वेगात सुरू करतात आणि दुसऱ्या फेरीत त्यांचा दम संपतो. संथ सुरुवात करणे हे शिकावे लागते आणि शाळेत ते क्वचितच शिकवले जाते. म्हणून एक मिनिट हलके पळणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे करा. पळताना तिला तुमच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. दोन आठवड्यांनी पळण्याची वेळ दीड मिनिट करा, मग दोन. गुडघा दुखू लागला, तर त्या दिवशी फक्त चाला. तिच्या शेजारी किंवा अर्धे पाऊल मागे राहा, पुढे राहू नका. घड्याळ तिच्या मनगटावर असू द्या आणि ‘आता थांबू या’ हे म्हणण्याचे काम तिच्याकडे सोपवा.